पट्टा रोज काढायचा

"पट्टा काढतोस ना रं रोज?"

नाकाला नळी, आवाज पार खोल गेलेला, आणि ताराकाकूंनी मला विचारलं ते एवढंच. मी घरचा माणूस नाही म्हणून नारायणगावच्या त्या दवाखान्यातून दोनदा दारातूनच परत आलो होतो. तिसऱ्यांदा त्यांचा मुलगा, म्हणजे सुनीलभाऊ, हाताला धरून आत घेऊन गेले. मी म्हणालो, "काढतो काकू." खोटं बोललो. अठरा दिवस कुत्र्याच्या त्या पट्ट्याला मी हातसुद्धा लावला नव्हता. काकूंनी समाधानानं डोळे मिटले... चौथ्या दिवशी त्या गेल्या. पाच आठवडे झाले, ते "काढतो काकू" मला अजून खरं करता आलेलं नाही.

मी मूळचा किनवटकडचा. सातवीत शाळा सोडली आणि कामाच्या मागं फिरत फिरत येडगावला काकूंच्या मळ्यात येऊन पडलो. राहायला बांधावरची खोली, चारी बाजूंनी ऊस, उसात बिबट्या. दिवस कलला की मी दाराला आतून खाट लावून बसायचो. काकूंनी ते पाहिलं, पण हसल्या नाहीत. आपल्या ओट्यावरचा कुत्रा, बंड्या, आणून माझ्या दाराशी बांधला. "ह्यो भुकला तर उठायचं. नाय भुकला तर झोपायचं. दुसरा इचार करायचा नाय." परक्या मुलखात मला कुणी दिलेली पहिली वस्तू म्हणजे ती झोप.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात बिबट्यानं बंड्याची मान धरली. मी पत्रा बडवत बाहेर आलो तेव्हा सोडली. जखम भरली आणि इकडच्या रीतीप्रमाणे त्याच्या गळ्यात खिळ्यांचा जाड चामडी पट्टा आला, कारण बिबट्या आधी गळाच धरतो. असा पट्टा एकदा चढला की कुणी काढत नाही. काढायचा तो फक्त जनावरांच्या डॉक्टरांपुढं, खिळे त्यांच्या हाताला लागू नयेत म्हणून. पहिल्या लसीला आम्ही चौघांनी बंड्याला दाबून धरला, तोंड सुतळीनं बांधलं, पट्टा काढला. तो जागीच मुतला, आणि सुटल्यावर माझ्याच मनगटाला चावला. त्याची एक सुई झाली, माझ्या पाच. पुढं तर जनावरांच्या दवाखान्याचं फाटक दिसलं तरी तो जमिनीला पोट लावायचा. लोक म्हणाले, गोणीत घालून आणा.

काकू दोन दिवस नुसत्या त्याच्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यो सुईला भीत नाय रं. सुई मागनं येती. बक्कल वाजलं की तवाच थरथरतो. पट्टा निघाला म्हंजी आता दुखनार, हेच शिकवलंय आपन त्याला."

त्या दिवसापासून रोज दुपारी चारला ओट्यावर पट्टा काढायचा. ॲल्युमिनियमच्या डब्यात तव्यावर कडक केलेले भाकरीचे तुकडे असायचे. काकू तळहात पुढं करून बसायच्या. "हनवटी त्यानं ठिवायची, आपन वढायची नाय. त्यानं काढली की आपन बी थांबायचं." पहिले चार-पाच दिवस नुसतं बक्कल वाजवायचं आणि तुकडा द्यायचा. मग एक भोक सैल. मग पट्टा खाली, मानेवर हात, कानात बोट, पंजा उचलून बघायचा, आणि पट्टा परत गळ्यात. ते जमल्यावर दवाखान्याच्या पडवीत जायचं, सुई न टोचता दोन तुकडे खायला घालायचे आणि घरी यायचं. डॉक्टरही भला माणूस. येता-जाता ते एक तुकडा टाकायचे आणि बंड्याकडं न बघता आत जायचे.

गावाला करमणूक झाली. एकदा दवाखान्याच्या वाटेवर दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या एकानं गाडी थांबवून विचारलं, "काय काकू, कुत्र्याला शाळेत घातलं का?"

"व्हय. तुला घातला व्हता, तू पळून आलास."

तो हसत गेला. माझा चेहरा मात्र उतरला असणार. पुढं चालताना मी काकूंना सांगितलं, की फळ्यापाशी उभं केलं की माझे पाय कापायचे, पोरं हसायची, म्हणून एक दिवस गेलोच नाही, मग कधीच नाही. काकूंनी बंड्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तुला बी कुनीतरी नुसतं बसवून परत आनायला पायजे व्हतं, बाळा."

असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आईनंही नाही.

पुढच्या लसीला बंड्या पडवीत उभा राहिला, हनुवटी काकूंच्या तळहातावर, आणि सुई कधी झाली ते त्याला कळलंसुद्धा नाही.

काकू आजारी पडल्या तेव्हा टोमॅटोची तोडणी चालू होती. आज राहू दे, उद्या काढू, असं म्हणत अठरा दिवस गेले. त्या गेल्यावर बंड्या कुणाला मानेजवळ येऊ देईना. पावसाळी हवेत चामडं भिजलं, फुगलं, आणि आता त्याखाली जखम चिघळली आहे. वास येतो. सोमवारी डॉक्टर आले, तर दात विचकून अंगावर धावला. ते म्हणाले, "पट्ट्याखाली अळ्या पडल्यात. शुक्रवारी पुन्हा येतो. तोवर पट्टा निघाला तर बरं. जाळ्यात धरून भूल द्यावी लागली, तर या वयात तो उठेलच असं सांगत नाही." सुनीलभाऊ म्हणाले, "तू लई मनाला लावून घेऊ नको, कुत्रंच हाय." त्यांची आई गेलेली, त्यांना काय बोलणार? पण त्या कुत्र्याच्या जिवावर मी इथं झोपायला शिकलो. आणि तो मरतोय माझ्या आळसानं.

मंगळवारी काकूंचा डबा घेऊन चारला त्यांच्या ओट्यावर बसलो. झाकण वाजलं तसा बंड्या धावत आला, माझ्याकडं न बघता उंबऱ्यापाशी गेला आणि आत बघत उभा राहिला... मीही तिकडंच बघत बसलो. त्या दिवशी तुकडा त्यानं खाल्ला नाही.

आज गुरुवार. आज त्यानं हनुवटी माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती, जड होती. दुसरा हात मी बक्कलला लावला. ते वाजलं, त्यानं हनुवटी काढली, आणि मी थांबलो. ओढून काढावा असं फार वाटलं. उद्या शुक्रवार आहे. पण थांबलो.

काकू, पट्टा अजून निघाला नाही. बक्कल वाजलं आणि तो पळाला नाही, एवढंच झालंय. डबा मी ओट्यावरच ठेवलाय. थोड्या वेळानं पुन्हा बसतो.