बाभळीतला बारीक आवाज

आमच्या कापसाच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. शेतकरी आणि दलाल हातांवर रुमाल टाकतात आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरवतात. दोंडाईच्याला मी हमाल म्हणून आलो आणि या बोटांच्या जोरावर दलाल झालो. कुणाची मदत झाली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

समोरचा विचारात पडला की गप्प बसावं लागे. अशाच एका सकाळी बाजारातल्या निंबावर कसलंसं पाखरू बोलू लागलं आणि माझी बोटं थांबली. शेतकऱ्याला वाटलं, मी अडून बसलोय. त्यानेच भाव उतरवला. तेव्हापासून माझा कान पाखरांकडे लागला.

सवड मिळाली की मी शिंदखेड्याजवळच्या आमच्या शेतावर जाऊ लागलो. बांधावर बाभळी होत्या. होला, भारद्वाज आवाजावरून ओळखू येऊ लागले. पण जीव जडला तो एका एवढ्याशा मातकट पाखरावर. शेपटी उभी करून ते शेंड्यावर बसे आणि बारीक, धारदार आवाजात एकच बोल घाईघाईने म्हणत राही. शेत धाकटा भाऊ कसायचा. तो हसायचा, "भाऊ, आते पाखरेसना भाव करस का?"

एका हंगामात मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, अडकलो असताना त्याने मला न विचारता निम्म्या बाभळी तोडल्या, औतांसाठी. मी गेलो तर होला घुमत होता, पण ते पाखरू गप्प. भावाला मी नको नको ते बोललो, वाटणी मागितली. मग आमचं बोलणंच बंद झालं.

पोळ्याला मात्र जावंच लागलं; बैल दोघांचे होते. उरलेल्या बाभळीखाली उभा राहून मी म्हणालो, "तुझ्या कुऱ्हाडीने हाकललं त्याला."

त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "तठेच बसेल शे, भाऊ. बोली राह्यना. तुलेच आयकू येत नही."

शेंड्यावर ते बसलं होतं. चोच उघडत होती, गळा फुगत होता. आवाज नव्हता.

इतके हंगाम जिनाच्या यंत्रांशेजारी बसलो. तिथे सगळेच ओरडून बोलतात आणि सौदा बोटांनी होतो; कानातून बारीक आवाज गेल्याचं कळावं कसं? ती यंत्रांशेजारची जागा जिनाच्या मालकाने मेहेरबानी म्हणून दिली होती. ही मेहेरबानी मी विसरणार नाही.

भांडायला मी तोंड उघडलं, तोच भावाने खांद्यावरचं उपरणं काढून आमच्या हातांवर टाकलं आणि माझं बोट धरलं. बाभळींबद्दल मी त्याला माफ केलं नव्हतं, आजही केलेलं नाही. तरी हात काढून घेतला नाही. तो वर बघत बोट दाबत होता. भराभर, भराभर, जरा थांबून पुन्हा भराभर. तो बोल माझ्या ओळखीचा होता.

मग त्याची बोटं थांबली. मी वर पाहिलं. नुसती फांदी हलत होती.