नर्सच्या गॉगलवरचा थर

ऱ्हाइनच्या काठाने आम्ही दुसऱ्या पुलाखाली आलो, तरी मृण्मयीचा राग उतरला नव्हता. मास्कमुळे धुरकटलेला चष्मा मी ओढणीने पुसायला घेतला, तर ती माझ्यावरच खेकसली.

"मालिनीताई, ओढणीनं नाही! कोटिंग जाईल."

"अगं, दिसत तरी आहे का ते?"

"दिसत नाही, म्हणून तर तुम्हाला दिसतंय!"

फेब्रुवारी २०२१. माझ्या यजमानांना दमा, म्हणून आम्ही बाहेरच भेटायचो, दीड मीटर अंतर ठेवून. मृण्मयी परभणीची, आर्नहेमला आमच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. इथेच पीएचडी केलेली, विषय काचेवरचे पातळ थर. कुणाचाही चष्मा काढून घ्यायची आणि उजेडात धरून बघायची. साध्या काचेवरून थोडा उजेड परत फिरतो, ती सांगायची. पण केसाहून शेकडो पटींनी पातळ थर नेमक्या जाडीचा दिला, की थराच्या वरून आणि खालून परतणारा उजेड एकमेकांना खोडून काढतो. कॅमेरा, दुर्बीण, सोलार पॅनेल, सगळीकडे हेच.

तिच्या कंपनीचा नवा थर मात्र आयसीयूतल्या नर्सच्या गॉगलसाठी होता. श्वासाच्या वाफेचे बारीक थेंब उजेड विखरून टाकतात. हा थर ते थेंब पसरवून सपाट करतो, म्हणून आरपार दिसतं. मृण्मयीने तो जंतुनाशकाने पुसून पाहिला. चार-पाच वेळा पुसल्यावर गॉगल पुन्हा धुरकट.

"साहेब म्हणतो, आपण चाचणी पाण्याची केली, पाण्यात टिकला, तेवढंच बोल. उद्या हॉस्पिटलची माणसं व्हिडिओ कॉलवर आहेत. पाण्यात टिकतो हे खोटं आहे का, असं मलाच विचारतो! आयसीयूत गॉगल पाण्यानं धुतात का हो?"

मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली. "जा ना, एवढा रस्ता आहे!" ती मराठीतच ओरडली.

याच साहेबाने पहिल्या लॉकडाऊनला खिडकीत उभं राहून नर्ससाठी टाळ्या वाजवल्या होत्या. व्हिडिओ तिनेच मला दाखवला होता. तो आठवला आणि माझंही डोकं तापलं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच.

"जरा सबुरीनं घे. नोकरी गेली तर व्हिसाचे तीनच महिने हातात. दुसरी मिळाली नाही तर परत जावं लागेल."

"आणि ती नर्स पेशंटला नळी घालताना आंधळी झाली तर? तिला किती महिने देऊ?"

मी धुरकटलेला चष्मा तसाच नाकावर चढवला. म्हटलं, "मी रोज देवापुढे हात जोडते गं, तुझी नोकरी राहू दे म्हणून."

"तेच मागू नका, ताई." ती थांबली. एवढ्या चालण्यात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "मी आत्ता ओरडतेय, पण त्याच्यासमोर माझी वाचा बसते. मागच्या मीटिंगला बसली होती. उद्या दहाला वर याल? नियमानं दिवसाला एक पाहुणा चालतो. मी खिडक्या उघड्या ठेवते, तुम्ही दाराशी बसा. बोलू नका काही. मी 'पाण्यात टिकतो' म्हणून थांबले, तर तिथून उठू नका. मी पुढचं वाक्य बोलेपर्यंत माझ्याकडे बघत राहा."