अंदाज न लावणारे धोंडूभाऊ

फोन आला तेव्हा मधली सुट्टी चालू होती. "बाई, भाऊ गेले... सकाळी चहा घेतला, पाठ टेकली, आणि गेलेच," पलीकडून संगीता सांगत होती. संगीता म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त शिपाई धोंडूभाऊ यांची मुलगी. त्याला आता तीन आठवडे झाले. मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले, पण खरं सांगते, रडताना डोळ्यांपुढे त्यांचा अलीकडचा थकलेला चेहरा आलाच नाही. दिसले ते भरल्या सभागृहात हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभे असलेले धोंडूभाऊ. गेलेल्या माणसाचा विजयच आधी आठवावा, यापेक्षा मोठं भाग्य कोणतं?

१९९८च्या जूनमध्ये मी रत्नागिरीतल्या या शाळेत गणित शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात नाकावर राग घेऊन हेडसरांकडे गेले. सलग चार तास माझ्याच माथी का, असं विचारलं. ते म्हणाले, "धोंडूला विचारा." मला वाटलं, नवीन बाईंची थट्टा चाललीय. पण पुढच्या मे महिन्यात उत्तरपत्रिका द्यायला शाळेत गेले, तर प्रयोगशाळेच्या फरशीवर धोंडूभाऊ मांडी घालून बसलेले. समोर खडूने आखलेले रकाने. उभे रकाने तासांचे, आडवे वर्गांचे. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक शिक्षकाची खूण वेगळी. माझ्या चिठ्ठीवर वर्तुळ होतं. मी एक चिठ्ठी उचलून सहज एका घरात ठेवली आणि म्हटलं, "इथे ठेवून बघा ना, जमतंय का." त्यांनी ती चिठ्ठी शांतपणे परत माझ्या हातात दिली. "बगायसाठी ठेवायची नाय बाई. दुसरीकडे कुटंच बसत नाय, असं दिसलं की मगच ठेवायची. आनि ठेवली की उचलायची नाय."

तर शाळेचं वेळापत्रक हा माणूस लावत होता, पंचवीस वर्षं. खाली सही मात्र हेडसरांची. स्टाफरूमला हे माहीत होतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही... हे लिहिताना आज लाज वाटते. एकदा धोंडूभाऊच बोलता बोलता म्हणून गेले होते. संगीता लहान असताना ते तिला नोटीसबोर्डासमोर घेऊन गेले आणि म्हणाले, हा सगळा तुझ्या बापाने केलाय. पोरीने खालची सही वाचली. वर्गात मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसल्या. घंटा वाजवणारा माणूस वेळापत्रक करतो? तेव्हापासून तिने तो विषय काढला नाही, आणि यांनीही नाही. "तिला वाटतं बापूस बाता मारतो," म्हणाले, आणि उठून घंटा द्यायला गेले. मोठं नाव त्यांना नकोच होतं. त्या एका पोरीने खरं मानावं, एवढंच हवं होतं.

मग दोन हजार पाच-सहाच्या सुमारास वर्तमानपत्रात सुडोकू यायला लागलं, ओळीत किंवा रकान्यात एकही आकडा दोनदा न येऊ देता एक ते नऊ आकडे भरायचं कोडं, आणि मला त्याचं वेड लागलं. अडले की मी पेन्सिलीने एक आकडा ठोकून द्यायचे, नंतर खोडायचे. एके दिवशी चहाचा कप ठेवता ठेवता धोंडूभाऊ वाकून बघत राहिले. "बाई, ह्यो तर आपला वेळापत्रकच! नऊ मास्तर, नऊ वर्ग, नऊ तास." वर तीन बाय तीनच्या लहान चौकोनातही आकडा दोनदा नको, हा आणखी एक जाच, एवढंच. दुसऱ्या आठवड्यापासून सगळ्यात अवघड कोडंसुद्धा ते शाईच्या पेनाने सोडवायला लागले. माझा गणिताचा तोरा तिथे उतरला, आणि उतरला ते बरंच झालं.

पुढच्याच वर्षी गावातल्या एका वाचनालयाने सुडोकूची स्पर्धा ठेवली. मी धोंडूभाऊंचं नाव परस्पर देऊन टाकलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. संगीता तेव्हा एका दुकानात कामाला होती. बाप तिथे काय करणार या काळजीनेच ती माझ्या शेजारी येऊन बसली. हेडसरही पहिल्या रांगेत होते. अंतिम फेरीला चौघे उरले. नियम एकच: पेनाने लिहायचं, खाडाखोड चालणार नाही.

वीस मिनिटं झाली तरी धोंडूभाऊंनी एक आकडा लिहिला नव्हता. नुसते कागदाकडे बघत बसलेले. मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांना पानी द्या, झोपले वाटतं." हशा पिकला. संगीताने मान खाली घातली. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं... तिच्या मनातला बाता मारणारा बाप मीच चव्हाट्यावर आणून बसवला होता. तेवढ्यात बँकेतल्या एका साहेबांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी कागद तपासला तर एका ओळीत चारचा आकडा दोनदा निघाला. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याने पेन खाली ठेवलं. आणि मग धोंडूभाऊ लिहायला लागले. न थांबता, हजेरी मांडावी तसे, वरपासून खालपर्यंत.

उत्तर बरोबर होतं. परीक्षक गणिताचे निवृत्त प्राध्यापक होते. कागदावर एकही खूण नाही, हे बघून त्यांनी विचारलं, "कुठे अंदाज लावलात?" धोंडूभाऊंचा चेहरा लाल झाला. "अंदाज? नाय सर." आणि खडू मागून घेऊन त्यांनी फळ्यावर ते कोडं मांडलं.

"हे तीन आडवे वर्ग बगा. सातचा आकडा म्हणजे आमच्या चित्रकलेच्या बाई. तिन्ही वर्गांना त्या मिळतात फक्त दुसऱ्या, पाचव्या नायतर आठव्या तासाला. बाई एकच. मंग ह्या तीन वर्गांनीच ते तिन्ही तास खाल्ले. कोनाला कुटला, ते आत्ता ठाव नाय, आनि नसला तरी चालतो! पन बाकीच्या वर्गांना त्या तासांना चित्रकला नाय, ह्यो आत्ताच पक्का." एवढं म्हणून त्यांनी त्या तीन उभ्या रकान्यांतल्या बाकीच्या घरांतून सातचा आकडा एकेक करून बाद केला, आणि अडलेलं कोडं आमच्या डोळ्यांसमोर सुटत गेलं.

प्राध्यापक मोठ्याने हसले, अगदी आनंदाने. "अहो, सुडोकूतल्या या युक्तीला इंग्रजीत सोर्डफिश म्हणतात, तलवारमासा! दोन ओळींचा एक असतो, तीन ओळींचा हा, आणि चार ओळींचा जेलीफिश. माशांचं कुळच आहे. कुठे शिकलात?"

"मासा नाय सर, चित्रकलेचा तास. चार वर्गांचा पन लावलाय, पी.टी.चा," धोंडूभाऊ म्हणाले. "शाळेचा वेळापत्रक मी लावतो." आणि मग, जास्तच बोललो की काय अशा नजरेने, त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

हेडसर उठून उभे राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. "सही माझी आहे. वेळापत्रक त्यांचं. हे मी फार आधी सांगायला हवं होतं." टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. मी बाकावर हात आपटत होते. संगीता टाळ्या वाजवत नव्हती. ती सरळ उठून पुढे गेली आणि सगळ्यांसमोर बापाच्या पाया पडली. धोंडूभाऊ खडूचे हात शर्टाला पुसत म्हणाले, "अगं संगे, उठ, उठ, लोकं बगतायत."

त्या वर्षीच्या जूनच्या वेळापत्रकावर पहिल्यांदा दोन नावं आली. वर्ष संपलं तेव्हा बोर्डावरून उतरलेला तो कागद संगीताने मागून नेला. दिवसकार्य आटोपल्यावर परवा तिच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तो काचेत लावलेला. त्यातले तीन शिक्षक निवृत्त झालेत, एक तुकडी बंद पडलीय. तिची पहिलीतली मुलगी स्टुलावर चढली, खालच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायला लागली आणि मध्येच वळून आईला म्हणाली, "हे आजोबांनी केलंय?"

"हो," संगीता म्हणाली, "सगळं."