शेवाळ आणि शेवाय

सुवर्णा इंगळेने वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही पाण्यातल्या वनस्पतींचा विषय घेऊन, आणि गावाने तिला त्याबद्दल काय दिलं, तर एक नाव: शेवायवाली मॅडम. शेवाय म्हणजे गावच्या तोंडचं शेवाळ. डोणगावपासून आत असलेल्या त्या गावात एवढी शिकलेली ती पहिलीच पोरगी. मेहकरला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. सकाळच्या जीपने जायची, दुपारी परतायची, आणि परतली की घरी न जाता सरळ गावतळ्यावर. सलवार दुमडून पाण्यात उतरायची, चहाच्या गाळणीने काहीबाही गाळायची आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरायची. धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, "मॅडम, याची भाजी होते काय वं?" पहिल्या वर्षी तिने हसून उत्तरं दिली. पुढे तिचं हसू आटलं.

तळ्यात काय नव्हतं! मधल्या पाण्यात हायड्रिला, तिच्यात मिसळलेली फितीसारख्या लांब पानांची वॅलिस्नेरिया, काठाशी चारा. हे नाव आहे हो, गुरांच्या चाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. हातात चुरगळला की लसणासारखा वास मारतो, दिसतो झाडासारखा आणि असतो शैवाल. हे सुवर्णा जीव तोडून समजावून सांगायची. ऐकणारा शेवटी म्हणायचा, "म्हंजे शेवायच ना?" झालं! पायात गुंतेल ते सगळं शेवाय, मग तुम्ही कितीही शिकून या. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

उन्हं तापायला लागली तसं काठाच्या पाण्यावर हिरवं काहीतरी जमू लागलं, रंगाचा डबा सांडावा तसं. त्याच सुमाराला जनकाबाईची पाठ, म्हणजे तरणी बकरी, मेली. जनकाबाई म्हणजे सुवर्णाची सख्खी आत्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, बकऱ्यांवरच तिचं सगळं चालायचं. पाठ तळ्यावर पाणी पिऊन आली, दारात लटपटली, पाय झाडले आणि गेली. "इच्चू चावला असन," असं गाव म्हणालं आणि आपापल्या कामाला लागलं.

सुवर्णाला विंचू पटला नाही. तिने ते हिरवं बरणीत भरून कॉलेजात नेलं. तिथे सूक्ष्मदर्शक कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली शिपायाच्या खिशात. शिपाई साळ्याच्या लग्नाला. तो येईपर्यंत बरणीतलं पाणी नासलं. पुन्हा नवं पाणी भरून नेलं, तेव्हा कुठे काचेवर ते दिसलं: बारीक ठिपक्यांचे ओबडधोबड पुंजके. मायक्रोसिस्टिस. नीलहरित शैवाल, जनावराचं यकृत जाळणारं. ओळख पटल्याचा आनंद तिला क्षणभर झाला आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाची लाज वाटली.

ती तडक सरपंचांकडे गेली. हिंमतरावांनी तिने पाटीसाठी लिहून आणलेला मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला.

"नीलहरित शैवाल? पोरी, हे कोन वाचन? मले तं निवडणुकीतलं चिन्हच वाटलं. सोपं लेह्य ना. लोकाईले समजलं पायजे."

सुवर्णाने सोपं लिहिलं. पत्र्याच्या पाटीवर लाल अक्षरात: सावधान! तळ्यात विषारी शेवाळ आहे. जनावरांना पाणी पाजू नये.

पाटी लागली. गुरं पाटीला अंग घासून, काठाचं हिरवं तुडवत मधल्या निवळ पाण्यात उतरू लागली. सुवर्णा ओरडून थकली. "आमचा बाप पाजे, आजा पाजे, तवा नाई मेलं कोनी," हे उत्तर ठरलेलं. ऐकलं ते एकट्या जनकाबाईने. गुडघ्यांनी बेजार झालेली ती बाई हातपंपावरून हंडे वाहून बकऱ्यांना पाजू लागली. कुणी हसलं तर म्हणायची, "माही सुवर्णा सांगते तं खरंच असन."

पुढे परीक्षेच्या कामाने सुवर्णाला बुलडाण्याला जावं लागलं. तीन-चार दिवसांनी ती जीपमधून उतरली, तर हिंमतराव फाट्यावरच उभे.

"या मॅडम! तुमचं काम फत्ते केलं. चाला, दाखोतो."

तळ्याच्या काठावर ओला हिरवा ढीग पडला होता, पुरुषभर उंच. सगळी हायड्रिला, सगळी वॅलिस्नेरिया, मुळासकट उपटलेला चारा. सगळीकडे लसणाचा वास. गावाने श्रमदान केलं होतं, पोहे वाटले होते, फोटो काढले होते. आणि तळ्यावर काठापासून मध्यापर्यंत ते हिरवं विष निवांत पसरलं होतं. शेतांतून तळ्यात येणारं खत स्वतःच खाऊन आजवर त्याला उपाशी ठेवणारी झाडं आता ढिगात सुकत होती.

"काका, हे काय केलं?" तिचा आवाज फाटला. "हे काऊन काढलं?"

"काऊन म्हंजे? शेवाय काढली. तुनंच लेह्यलं ना, शेवाय विषारी हाय म्हून."

"अन् हे?" तिने पाण्याकडे बोट दाखवलं. "हे काय हाय मग?"

हिंमतरावांनी पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना प्रश्नच कळला नाही. "हे? हे कायची शेवाय वं? हे तं पानी हिरवं पडलं. दरसाल पडते."

पानी हिरवं पडलं! लहानपणी सुवर्णाही असंच म्हणायची. पोहताना पायात गुंतायची ती शेवाय, आणि वरचं ते हिरवं पडलेलं पाणी. एम.एस्सी. होता होता ती आपल्याच गावचं बोलणं विसरली होती. तिला हिंमतरावांचा राग आला, पोह्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. दोन शब्द, "हिरवं पाणी", एवढंच लिहायचं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"आत्या कुठी हाय?" तिने एकदम विचारलं.

उत्तराची गरज पडली नाही. तळ्याच्या उतारावरून जनकाबाईच वर येत होती, एका हाताने गुडघा दाबत. पुढे तिच्या बकऱ्या. त्यांच्या तोंडांवरून हिरवं पाणी निथळत होतं.

"आत्या, इथलं पाजलं?"

"पाजलं माय, पोटभर." जनकाबाईचा चेहरा कौतुकाने फुलला होता. "लोकं रोजच पाजत, पन म्या हंडेच वाह्यले. शेवाय पुरी निघाली, मंगच आनल्या. तुह्या शब्दाबाहेर नाई गेली मी."