लई प्रश्न नको

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाय.

मुकुंदवाडीतल्या आमच्या विहारात दर रविवारी मी लेकरांकडून पाली वंदना पाठ करून घेते. आज नऊ वर्षांची आर्या मधेच थांबली. "मावशी, याचा अर्थ काय हाय?"

पाठांतराची स्पर्धा जवळ आलीय. मी खेकसले, "आधी पाठ कर. लई प्रश्न नको."

पोरीनं मान खाली घालून सगळं बिनचूक म्हटलं.

घरी आले अन् आजोबा आठवले. गावाकडं ते विचारायचे, "आम्हाला देवळात का नाय येऊ देत?" उत्तर यायचं, "लई प्रश्न नको." म्हणून तर त्यांनी धम्म स्वीकारला.

खरं सांगते, वंदनेचा अर्थ मलाही धड येत नाय. त्याचाच राग पोरीवर काढला.

येत्या रविवारी आर्यानं काहीच विचारलं नाय, तर काय करू?