साठीच्या आधी

रत्नमाला खरात न्यायाधीश झाल्या, तेव्हा त्यांच्या सासूनं, गोजरबाईंनी, अख्ख्या गल्लीला जेवू घातलं होतं. नवरा लवकर गेला. पाळण्यातल्या लेकीला, मेघाला, सासूनं सांभाळलं, म्हणून तर पुस्तकं उघडता आली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी साठीपर्यंत काम करायला वरून मंजुरी आली. मेघाचं मेडिकल अजून पुरं व्हायचं होतं, सासूच्या औषधगोळ्यांचा खर्च होता आणि आधी सोडलं तर पेन्शन कमी बसणार होती. कान मात्र मंदावत चालले होते. मशीन लावूनही कोर्टातल्या पंख्यांच्या घरघरीत शब्द निसटायचे.

मग एका मारहाणीच्या खटल्यात सोयगावचे म्हातारे फकिरा साक्षीला आले.

"मारणारा हाच का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

फकिरा काहीतरी पुटपुटले. रत्नमालांनी 'व्हय' ऐकलं आणि तसंच लिहून घ्यायला सांगितलं. शेवटी जबाब वाचून दाखवला, तसे फकिरा पिंजऱ्यात ताठ झाले.

"सायेब, म्या न्हाय म्हन्लो व्हतो. न्हाय!"

आरोपीचे वकील तेच सांगायला उठले होते. सरकारी वकिलांनीही मान हलवली. मागच्या बाकावर आरोपीची आई तोंडाला पदर लावून बसली होती. जबाब दुरुस्त करून रत्नमाला म्हणाल्या, "बाबा, बोललात ते लई बरं केलंत."

घरी त्यांनी सासूला सगळं सांगितलं. पेन्शनचंही.

"माझ्या गोळ्यांपायी कुनाचं पोरगं आत जाऊ नये, रत्ना," गोजरबाई म्हणाल्या. "भाकर काय, कमी पेन्शनीतबी मिळंल."

मेघा आईजवळ सरकून बसली.

निरोपाच्या दिवशी वकील मंडळी म्हणाली, "मॅडम, दोन वर्षं होती की अजून!" रत्नमालांनी लपवलं नाही. "मला नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "एका साक्षीदारानं ते वेळेत दाखवून दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही."

आता क्रांती चौकाजवळच्या एका खोलीत त्या लोकांना फुकट कायदेशीर सल्ला देतात. पंखा बंद, खुर्ची अगदी समोर. "जरा मोठ्यानं सांगा हं," असं म्हणायला आता लाज वाटत नाही. घर पेन्शनवर नेटानं चालतं. मेघा डॉक्टर झाली, आणि त्या दिवशी सगळ्यात आधी रत्नमाला सासूच्या पाया पडल्या.