दोन बोटांचं भोक

माझी भाचेसून फर्निचरच्या कारखान्यात भुसा ओढणारं यंत्र सांभाळते. पाइपवर हात ठेवून नुसती उभी दिसली, तेव्हा मला वाटलं, काय आळशी पोरगी! आता माझंच मला हसू येतं.

त्या दिवशी तिचा डबा द्यायला गेले, तर पाइप तिच्या हाताला गरम लागला. तिनं पंखा बंद केला, यंत्राच्या दाराला कुलूप घालून किल्ली मुठीत धरली.

"उघड, बघू दे," कारखान्याचे साहेब म्हणाले.

"आत ठिणगी आहे, साहेब. वारा लागला तर भडका उडेल. आधी सगळ्यांना बाहेर काढा."

तासभर आम्ही फाटकाबाहेर जीव मुठीत धरून उभे होतो. यंत्र गार झाल्यावर तिनं आतली भुसा साठवणारी कापडी पिशवी काढली. जळून भोक पडलं होतं.

"एवढंसं? करंगळी जेमतेम जाईल," साहेब म्हणाले.

"दोन बोटं जातील."

साहेबांनी घालून पाहिली. दोन्ही गेली.